सुरक्षिततेचा आकडा कसा ठरतो? जालन्याच्या पाणी-मातीच्या निमित्ताने

जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांची तहान मोठ्या प्रमाणावर विहिरी आणि बोअर यांच्यावर भागते. हे पाणी बेसॉल्ट खडकाच्या भेगांत आणि त्यावरच्या मुरमात साठत असल्यामुळे वर शेतात, उकिरड्यावर आणि शोषखड्ड्यात जे काही मुरते त्याचा अंश खाली उतरल्याशिवाय राहत नाही. मोसंबीच्या बागांना व कपाशीला दिलेल्या युरियातील जे नत्र पिकाला लागत नाही त्याचे बऱ्याच अंशी नायट्रेट होते, आणि नायट्रेट चिकणमातीला धरून राहत नसल्याने पावसाच्या पाण्याबरोबर सरळ भूजलात जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले, महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे होते, आणि सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा, बीड व जळगाव या तिन्ही जिल्ह्यांची नावे होती. ही मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. पण ४५ च का, ३० किंवा ६० का नाही, हे अहवाल वाचणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

असा आकडा ठरवण्याच्या शास्त्राच्या केंद्रस्थानी ‘आरोग्याधारित छाननी पातळी’ ही संकल्पना आहे. पाणी, माती किंवा हवेत एखादा दूषित घटक ज्या प्रमाणापर्यंत असल्यास दीर्घकाळच्या संपर्कानेही प्रकृतीला अपाय होण्याची शक्यता नगण्य मानली जाते, ते प्रमाण म्हणजे छाननी पातळी. मोजणी तिच्या खाली आली तर त्या घटकापुरता तपास थांबवता येतो आणि वर गेली तर अधिक तपास करावा लागतो, एवढेच तिचे काम. ती ओलांडली म्हणजे गाव आजारी पडले असे होत नाही, आणि ती ओलांडली नाही म्हणजे पाणी शुद्ध असल्याचा दाखला मिळाला असेही नाही.

पातळी काढण्याची रीत बहुतेक घटकांसाठी सारखीच असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला अपाय दिसला नाही ती मात्रा घेतात, प्राणी आणि माणूस यांच्यातील फरकासाठी तिला दहाने भागतात, माणसामाणसांतील फरकासाठी पुन्हा दहाने भागतात, आणि मग माणसाचे वजन व तो रोज किती पाणी पितो हे गृहीत धरून लिटरमागचे प्रमाण ठरवतात. कर्करोगकारक घटकांसाठी वेगळा हिशेब असतो. तिथे आयुष्यभराच्या संपर्काने दहा लाखांत एकाला किंवा लाखात एकाला अधिकचा कर्करोग, असा धोका मान्य धरून मागे मोजत येतात. किती धोका मान्य करायचा याचे उत्तर प्रयोगशाळा देत नाही, ते समाजाला द्यावे लागते.

नायट्रेटचा आकडा मात्र प्राण्यांवरून आलेला नाही, तो तान्ह्या मुलांवरून आला आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली असे दाखवून दिले की शेतातील विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी काही बाळे निळी पडत होती आणि त्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण मोठे होते. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते, आणि असे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळांच्या अंगी हा बदल परतवण्याची शक्ती फार थोडी असते. पुढे १९५१ साली अमेरिकेतील अशा प्रकरणांचे संकलन झाले, तेव्हा लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत असलेल्या पाण्यामुळे एकही प्रकरण घडल्याचे आढळले नाही, आणि भारताच्या मर्यादेसह अनेक मर्यादांना तोच आकडा आधार ठरला. पुरावा थेट सर्वांत नाजूक जिवांकडून मिळालेला असल्यामुळे या आकड्याला पुढे आणखी कशानेही भागलेले नाही, म्हणजेच त्यात राखीव सवलत जवळजवळ नाही. ‘थोडेसेच जास्त आहे’ असे म्हणून नायट्रेटकडे दुर्लक्ष करणे त्यामुळे चुकीचे ठरते. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पेयजल मानकातही नायट्रेटला कोणतीही शिथिलता दिलेली नाही.

इथे दोन व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. काही प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेट मोजतात, तर काही केवळ त्यातील नायट्रोजन, आणि दुसऱ्या पद्धतीत हीच मर्यादा सुमारे १० होते. त्यामुळे अहवालातील १२ हा आकडा एका पद्धतीत निर्धास्त करणारा असतो, तर दुसऱ्या पद्धतीत धोक्याचा. दुसरी गोष्ट उकळण्याची. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट उडून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. लिटरमागे ४० मिलिग्रॅम असलेले पाणी बाळासाठी उकळताना चौथा हिस्सा आटले, तर उरलेल्या पाण्यात ते ५३ होते.

फ्लोराइडच्या बाबतीत प्रश्न हवामानाचा आहे, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे. भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडाही १.५ आहे, मात्र स्थानिक मर्यादा ठरवताना लोक किती पाणी पितात याचा विचार करावा, असे संघटनेनेच सांगितले आहे. तिच्या हिशेबात प्रौढ माणूस ६० किलोचा असतो आणि दिवसाला २ लिटर पाणी पितो. मे महिन्यात रानात पऱ्हाट्या उपटणारी बाई किंवा जालन्याच्या पोलाद कारखान्यात भट्टीपुढे उभा राहणारा कामगार ४ लिटर पाणी सहज पितो. म्हणजे १.५ च्या पाण्यातून दोन लिटरवाल्याच्या पोटात रोज ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते, आणि या दोघांच्या पोटात ६ मिलिग्रॅम. चहातून व स्वयंपाकाच्या पाण्यातून जाणारे वेगळेच. रोज ६ मिलिग्रॅमच्या पुढे हाडांना अपाय होण्याचा धोका वाढत असल्याचे संकेत संघटनेच्या २००२ च्या आढाव्यात नोंदलेले आहेत. या हिशेबाने मराठवाड्यातील गावांसाठी छाननीचा आकडा १ हाच असावा आणि १.५ ची मुभा हा सुरक्षिततेचा निर्वाळा समजला जाऊ नये, हे उघड आहे.

मातीच्या बाबतीत अडचण उलट दिशेची येते. कॅनडात निवासी मातीसाठी एकूण क्रोमियमची मार्गदर्शक पातळी किलोमागे ६४ मिलिग्रॅम आहे. परंतु बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत अनेक ठिकाणी निसर्गतःच त्याहून अधिक क्रोमियम असते, आणि ते मुख्यतः कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात असते. परदेशी आकडा जसाच्या तसा उचलला तर कारखान्याचे तोंडही न पाहिलेली शेते दूषित ठरतील, आणि भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या आसपासची खरी तपासणी त्या गर्दीत हरवून जाईल. आधी स्थानिक मातीची नैसर्गिक पातळी मोजणे म्हणूनच आवश्यक ठरते. शिशाचा प्रकार आणखी निराळा आहे, कारण मुलांच्या मेंदूसाठी शिशाची निर्धोक मात्रा अजून सापडलेली नाही. अमेरिकेने निवासी मातीतील शिशाची छाननी पातळी २०२४ मध्ये किलोमागे ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली ती यामुळेच. केंद्र सरकारने २०२५ साली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केल्यामुळे भारतातही या आकड्यांना कायद्याचे वजन येऊ लागले आहे.

कायद्याची मर्यादा आणि आरोग्याची पातळी या दोन गोष्टी एकच असतात असेही नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत जालन्याचा समावेश आहे. तिथे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. पहिला आकडा खर्च आणि शक्यता यांचा विचार करून ठरतो, दुसरा केवळ प्रकृतीचा. नागरिकाला दोन्ही ठाऊक असले पाहिजेत.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. ग्रामसभेत पाण्याचा अहवाल ‘पिण्यायोग्य’ एवढ्या एका शब्दात वाचून दाखवला जात असेल, तर गावकऱ्यांनी नायट्रेट आणि फ्लोराइडचे आकडे, मोजण्याची पद्धत आणि नमुना घेतल्याचा महिना मागून घ्यावा. आणि ज्या घरात वरच्या दुधावरचे बाळ आहे, त्या घराने आपल्या विहिरीचा किंवा बोअरचा नायट्रेटचा आकडा हाती येईपर्यंत ते पाणी बाळाच्या दुधात वापरू नये.