फुकटचा मारिओ, कंपनीचा हिशोब

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासच्या गावांत पोरं मोबाईलवर फुकटचे गेम उतरवतात. मग कंपनीला मिळतं काय? जपानच्या निन्टेंडोचंच बघा. तिचा मुख्य धंदा गेम खेळायची यंत्रं आणि त्यांचे गेम विकण्याचा. तिने डिसेंबर २०१६ला आयफोनवर आणि मार्च २०१७ला अँड्रॉइडवर ‘सुपर मारिओ रन’ आणला. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढच्यांना पैसे. त्याच मार्चमध्ये तिचं ‘स्विच’ हे नवं यंत्र बाजारात आलं. मोबाईलवर मारिओची गोडी लागली, की गिऱ्हाईक यंत्राकडे वळेल, हा हिशोब. कलिंगडवाला फोड चाखायला देतो, तसंच हे. चाखायला हरकत नाही. पण फोनला बँक खातं जोडलेलं असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.