रंगाचे चिलखत

कराडहून कोयनानगरमार्गे चिपळूणकडे जाणारी एखादी मोटार थांबली, की तिच्या पुढच्या भागाकडे नीट पाहा. रंगाचे बारीक टवके उडालेले दिसतील. पुढच्या वाहनाच्या चाकांनी उडवलेली खडी हे त्याचे कारण. अस्तर, रंग आणि वरचा चकचकीत थर मिळून जाडी असते जेमतेम ०.१ मिलिमीटर! खडा आणि गाडी यांचा सापेक्ष वेग दुप्पट झाला, की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणून खडीच्या रस्त्यावर वेग कमी, अंतर जास्त.

टवक्यातून पाणी व हवा पत्र्याला भिडली, की गंज रंगाखाली पसरू लागतो. कोयनेच्या पावसाळ्यात तर त्याला आयतेच रान मिळते! टवका कोरडा करून लगेच रंगाने बुजवावा. धूळ कोरड्या फडक्याने मात्र पुसू नका. सह्याद्रीच्या बेसाल्टचे कण रंगापेक्षा कठीण असतात. आधी पाणी ओता, मग पुसा.