विद्यार्थ्याची शंका आणि अतिवाहकतेचे कोडे

पदवी वा पदव्युत्तर वर्गात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण अडले, की तो बहुधा एकच प्रश्न विचारतो : येथे कोणते सूत्र वापरायचे? सूत्र सापडले की उत्तर निघते आणि विषय तेथेच संपतो. ते सूत्र कोणत्या गृहीतकावर उभे आहे, हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या दुसऱ्या प्रश्नाचे मोल जाणून घ्यायचे, तर केंब्रिज विद्यापीठातील ब्रायन जोसेफसन या संशोधक विद्यार्थ्याने १९६२ मध्ये सोडविलेल्या उदाहरणाकडे पाहावे लागते. त्या वेळी त्याचे वय होते अवघे बावीस.

काही धातू अतिशय थंड केले, की त्यांचा विद्युतरोध पूर्णपणे नाहीसा होतो. ही अतिवाहकता. या अवस्थेत इलेक्ट्रॉन जोड्यांनी वावरतात, हे जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. पुढे १९६० मध्ये इव्हार जेव्हर यांनी दोन धातूंच्या मध्ये विद्युतरोधक पदार्थाचा अतिसूक्ष्म थर ठेवून प्रयोग केले. हा थर ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही काही इलेक्ट्रॉन पलीकडे पोहोचतात. क्वांटम सिद्धांतात यालाच ‘टनेलिंग’ म्हणतात.

मग इलेक्ट्रॉनची अख्खी जोडी तो थर ओलांडू शकेल काय? जोसेफसन यांचे मार्गदर्शक ब्रायन पिपर्ड यांनी या शक्यतेचा विचार केला होता. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. समजा, एक इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याची शक्यता लाखात एक आहे. मग दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी जाण्याची शक्यता या दोन शक्यतांच्या गुणाकाराएवढी, म्हणजे हजार कोटींत एक ठरते. एवढा क्षीण परिणाम प्रयोगात दिसणे कठीणच. संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकातील नियमानुसार या गणितात काहीच चूक नव्हती.

अमेरिकी शास्त्रज्ञ फिलिप अँडरसन हे त्या वर्षी केंब्रिजमध्ये व्याख्याने देत होते. जोसेफसन श्रोत्यांत असले, की प्रत्येक विधान काटेकोर करावे लागे. अन्यथा तास संपल्यावर ते येऊन चूक समजावून सांगत, अशी आठवण अँडरसन यांनी पुढे नोंदविली आहे. अतिवाहकातील सर्व जोड्यांची मिळून एक समान ‘फेज’, म्हणजे तरंगाची लय असते, हा त्या व्याख्यानांतील एक मुद्दा होता. ही लय प्रयोगात प्रत्यक्ष दिसू शकेल का, ही शंका जोसेफसन यांच्या मनात घर करून बसली.

उत्तर गणितातून आले. शक्यतांचा गुणाकार करण्याचा नियम स्वतंत्र घटनांना लागू पडतो. पण जोडीतील दोन इलेक्ट्रॉन स्वतंत्र नसतात. रस्त्यावरच्या गर्दीतील प्रत्येक माणूस आपल्या चालीने चालतो, लेझीम पथकाची पावले मात्र एकाच ठेक्यावर पडतात. अतिवाहकातील जोड्या अशा पथकासारख्या असतात. त्यामुळे जोडीचा प्रवाह एकट्या इलेक्ट्रॉनच्या प्रवाहाच्या तोडीचा निघाला. थराच्या दोन्ही बाजूंच्या लयीत फरक असेल, तर कोणताही विद्युतदाब नसताना प्रवाह वाहील आणि स्थिर दाब दिल्यास प्रवाह अतिवेगाने उलटसुलट होईल, असे भाकीत जोसेफसन यांनी जुलै १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोटेखानी निबंधात केले.

यावर आक्षेप घेतला तो साक्षात बार्डीन यांनी. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चे नोबेल मिळविलेले आणि अतिवाहकतेचा सिद्धांत मांडणारे हे ज्येष्ठ शास्त्रज्ञ. इलेक्ट्रॉनची जोडी मधल्या थरात टिकूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनच्या परिषदेत दोघांचा समोरासमोर वाद झाला. निकाल मात्र अधिकारावर नव्हे, प्रयोगावर लागला. अँडरसन आणि जॉन रॉवेल यांनी बेल प्रयोगशाळेत दाबाविना वाहणारा प्रवाह मोजला. त्यांचे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. बार्डीन यांनीही आक्षेप सोडून दिला. जोसेफसन यांना १९७३ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षीच्या पुरस्काराचा उर्वरित अर्धा भाग जेव्हर आणि लिओ इसाकी यांना विभागून देण्यात आला.

हा परिणाम आज प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. एका मायक्रोव्होल्टच्या दाबाला प्रवाह सेकंदाला सुमारे ४८.३६ कोटी वेळा आंदोलने करतो. हे गुणोत्तर धातूच्या प्रकारावर अवलंबून नसल्याने व्होल्टचे अचूक मापन त्यावर आधारलेले आहे. मेंदूतील अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रे टिपणारी उपकरणे याच तत्त्वावर चालतात. जोसेफसन जोड असलेल्या विद्युतमंडलावरील १९८४-८५ मधील प्रयोगांसाठी जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे नोबेल देण्यात आले. त्या प्रयोगांच्या वेळी मार्टिनिस हेही विद्यार्थीच होते.

पिपर्ड यांचा गुणाकार चुकला नव्हता. तो जेथे लागू पडत नाही तेथे वापरला गेला होता. वर्गात सूत्र फळ्यावर लिहिले जाते तेव्हा ते कोठे लागू पडत नाही, हे विद्यार्थ्याने विचारावे आणि शिक्षकांनी त्या प्रश्नासाठी तासातील पाच मिनिटे राखून ठेवावीत. अभ्यासक्रम त्यामुळे थोडा मागे पडेल. परंतु विषय समजण्यास तेथूनच सुरुवात होते.