दुकानाची पायरी आणि दुकानाची गादी

महाडचा सत्याग्रह हा पाण्याचा सत्याग्रह, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि ते खरेच आहे. पण खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावांतला किंवा पोलादपूरच्या डोंगरातला अस्पृश्य माणूस महाडला येतच कशाला होता, हा प्रश्न आम्ही फारसा विचारत नाही. त्याचे उत्तर खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. हा माणूस दोन कामांसाठी येई. गावकामगार म्हणून सरकारी कागद आणि वसुली तालुक्याला पोचवायला, आणि बाजारहाट करायला. म्हणजे चवदार तळ्याच्या काठावर तहानलेला उभा असलेला आमचा पूर्वज हा महाडच्या बाजारपेठेचा गिऱ्हाईक होता. दुकानदाराच्या गल्ल्यात त्याचा पैसा बाटत नव्हता. तळ्याचे पाणी मात्र त्याच्या स्पर्शाने बाटत होते!

याच बाजाराने पुढे आपले खरे रूप दाखवले. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी महाडच्या व्यापाऱ्यांनी परिषदेशी व्यवहार करायचे नाकारले. धान्य आणि इतर सामान बाहेरगावाहून आणावे लागले. मंडपासाठी जागाही एका मुसलमान गृहस्थाने दिली. पुढे १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्टे समिती नेमली, तीत बाबासाहेब सभासद होते. या समितीच्या १९३० च्या अहवालात हेच दुखणे नोंदवले आहे. अस्पृश्याने हक्क मागितला की त्याची मजुरी बंद, वाट बंद आणि गावच्या वाण्याला त्याला माल न विकण्याची ताकीद. काठी न उगारता, फक्त दुकानाचे दार लावून माणसाला गुडघे टेकायला लावता येते, हे सवर्ण समाज पुरते ओळखून होता.

आता कापडाकडे वळू. त्याच डिसेंबरच्या परिषदेत, मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेब आमच्या आया-आज्यांशी वेगळे बोलले. तुमच्या नेसण्यावरून आणि गळ्या-हातातल्या जडशीळ दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती खूण टाकून द्या, लुगडे पायघोळ नेसा, फाटके असले तरी स्वच्छ वापरा, असा त्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनी तो लगेच मनावर घेतला. लुगडे कसे नेसावे ही ज्यांना क्षुल्लक गोष्ट वाटते, त्यांनी ध्यानात घ्यावे की कोणी काय ल्यावे आणि काय नेसावे हे जिथे जात ठरवते, तिथे कापडाचे दुकान हे जातीच्या कायद्याचे कोठारच असते.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव आणि घाट आहेत, तशी दुकानेही आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे काय, त्यात धोबी आणि न्हावी येतात काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी दुकानाचा अर्थ विस्तृत केला. जो कोणी मोबदला घेऊन सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान, आणि तिथे येणाऱ्याला त्याने जातीवरून परतवता कामा नये. महाडच्या पायरीवर सोसलेला अपमान या एका शब्दात उतरला, असे आम्हाला वाटते. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात दुकानात मज्जाव करणे कलम ४ ने आणि माल विकायला नकार देणे कलम ६ ने गुन्हा ठरले. १९७६ च्या दुरुस्तीने तोच नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. वाळीत टाकण्याच्या तक्रारींसाठी आमचा रायगड जिल्हा पुरेसा गाजलेला आहे. त्या प्रथेविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे.

पायरी अशी जिंकली. पण गादीचे काय?

महाडची पेठ घ्या, नाहीतर श्रीवर्धन-मुरूडसारख्या किनाऱ्यावरच्या गावाचा बाजार घ्या. कापडाच्या दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव असते आणि गादीवर नातू बसलेला असतो. त्या घराण्यांच्या कष्टाला आम्ही नावे ठेवत नाही. पण दुकान नुसत्या कष्टावर चालत नाही. मोक्याचा गाळा वारशाने येतो. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटातला किंवा सुरतेचा ठोक व्यापारी उधारीवर माल देतो तो आडनाव आणि ओळख पाहून. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडाली, माल चिखलात गेला. अशा वेळी ज्याचे ठोक व्यापाऱ्याकडे दोन पिढ्यांचे खाते आहे, तो पुन्हा माल भरू शकतो. ज्याचे खातेच नाही, त्याचे शटर उघडत नाही. या पतीला 'घराण्याची पुण्याई' म्हणतात. आम्ही तिला जातीचे भांडवल म्हणतो. खुद्द बाबासाहेबांनी अमेरिका-इंग्लंडहून परतल्यावर शेअरबाजाराच्या सल्ल्याचा व्यवसाय मांडला होता. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक आटले. सल्ला तोच होता, पत तेवढी नाकारली गेली.

व्यापार आमच्या रक्तात नाही, असे आमचेच काही लोक म्हणतात. त्यांनी नाशिकची लेणी पाहावीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात उषवदाताने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातले २००० दरमहा शेकडा १ दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्षाचे व्याज २४० आणि त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हा हिशोब आजही भिंतीवर कोरलेला आहे. कापड विणणाऱ्यांची संघटित पत होती आणि धम्माचा तिच्यावर विश्वास होता. आमचा वारसा हा आहे!

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि लग्नसराईत बौद्ध वस्त्यांतून पांढऱ्या साड्या, निळे फेटे, कापडाचे गठ्ठे विकत घेतले जातात. हा पैसा कोणत्या गादीवर जातो, ते प्रत्येक गावाने एकदा मोजावे. आपल्या बाजारात बौद्ध मालकाची कापडाची दुकाने किती, तेही मोजावे. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले महामंडळ आहे. २०१६ साली केंद्राने स्टँडअप इंडिया योजना आणली, तेव्हा प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला १० लाख ते १ कोटीचे कर्ज द्यावे असे ठरले, आणि त्यात व्यापारही होता. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक शाखेने किती कर्जे दिली, हा अर्ज २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांत होतो. तो आम्ही करणार आहोत, तुम्हीही करा. सोबत प्रत्येक पंचक्रोशीत पतपेढी उभी राहिली पाहिजे, जी आपल्या तरुणाच्या पहिल्या मालाला जामीन राहील.

गिऱ्हाईकाचा मान कायद्याने मिळाला. मालकाचा मान कायदा आणून देणार नाही. तो पतीने मिळतो, आणि पत ही एकट्याची नसते, संघटनेची असते. संघटित व्हा, या आदेशाचा हा अर्थ बाजारपेठेत अजून अमलात यायचा आहे.