निर्वासितांचा रोजगाराचा हक्क आणि स्थानिक अर्थव्यवस्था : उल्हासनगरच्या संदर्भात

प्रास्ताविक :
आश्रयासाठी आलेला समूह यजमान प्रदेशावर भार ठरतो की त्याच्या उत्पादनात भर घालतो, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. त्याचे उत्तर केवळ संख्येवर नव्हे, तर त्या समूहाला काम करण्याचा हक्क आहे की नाही यावरही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन अनुभवांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट केला आहे.

दोन छावण्या :
कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. मुक्काम तात्पुरता मानला गेला आणि निर्वाहाची व्यवस्था मुख्यतः बाहेरील निधीतून झाली. छावणी उठल्यावर तिच्यामुळे निर्माण झालेली मागणीही संपली.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांची कल्याणजवळील लष्करी छावण्यांत सोय करण्यात आली. १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ६ ने पाकिस्तानातून स्थलांतरित झालेल्यांच्या नागरिकत्वाची तरतूद केली. त्यामुळे दुकान थाटणे, परवाना घेणे, मालमत्ता धारण करणे हे मार्ग कायदेशीररीत्या खुले झाले. १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाईची व्यवस्था केली. अल्प नफ्यावर विक्री करणाऱ्या या व्यापाऱ्यांमुळे जुन्या व्यापाऱ्यांना स्पर्धा सोसावी लागली. परंतु पुढे तयार कपडे, फर्निचर यांसारख्या उद्योगांतून परिसरात रोजगारही निर्माण झाला. दोन्ही समूहांची रचना भिन्न असल्याने ही तुलना मर्यादित असली, तरी हक्काचे महत्त्व तीतून दिसते.

आजची कायदेशीर स्थिती :
निर्वासितांच्या रोजगाराविषयी तरतुदी असलेल्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. अनुच्छेद २१ चे जीविताचे संरक्षण परकीय व्यक्तीसही लागू आहे. चकमा निर्वासितांसंबंधी १९९६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ते अधोरेखित केले. मात्र व्यवसाय-स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९(१)(छ) केवळ नागरिकांसाठी आहे. जगण्याचा हक्क मान्य, परंतु उपजीविकेचा मार्ग अनिश्चित, अशी ही विसंगती आहे.

निष्कर्ष :
बंदीमुळे काम थांबत नाही. ते नोंदीबाहेर जाते. तक्रार करू न शकणारा मजूर कमी वेतन स्वीकारतो, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक मजुराची सौदाशक्तीही घटते आणि शासनाचे कर-उत्पन्न बुडते. म्हणून आश्रयार्थींना रोजगाराचा नियमबद्ध हक्क देणे हे स्थानिक श्रमिकांच्याही हिताचे ठरते.