गाणे ऐकत अभ्यास करावा का?

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही शिवारात जा. बोंडे फुटलेल्या पऱ्हाटीत बायका कापूस वेचताना दिसतील. मध्येच एखादी गाणे सुरू करते, बाकीच्या तिच्यामागे म्हणू लागतात. हात मात्र थांबत नाहीत. उलट, उन्हातले श्रम थोडे हलके वाटतात. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आजी-पणजीचा अनुभवही हाच होता.

संध्याकाळी अशाच एखाद्या घरातला दहावीचा मुलगा मोबाईलवर गाणी लावून इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायला बसतो. आई म्हणते, "बाबू, आधी ते गानं बंद कर!" मुलगा विचारतो, "मंग तू वावरात गाने म्हनते, ते कसं चालते?"

कोणाचे खरे?

दोन्ही कामांत फरक आहे. कापूस वेचण्याचे काम सवयीच्या हातांचे असते. तेथे गाण्याची लय हातांना साथ देते आणि मन थकव्याकडून दुसरीकडे वळते. पाठांतराचे तसे नाही. पाठ करताना आपण ओठ न हलवता शब्द मनात घोळवीत असतो. त्याच वेळी कानावर गाण्याचे शब्द पडले, की या घोळवण्यात अडथळा येतो.

सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. त्यांनी लोकांना अंकांची मालिका दाखवून ती क्रमाने आठवायला सांगितली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा शब्द असलेल्या गाण्याने स्मरणात अधिक व्यत्यय आणला. भाषा समजत नसली म्हणून सुटका होत नाही. 1976 साली कोल आणि वेल्श यांनी इंग्रजी भाषिकांना न कळणारी जर्मन भाषा ऐकवली, तरीही त्यांच्या चुका वाढल्या!

मग संगीताने बुद्धी वाढते, हे खरे नाही काय? 1993 साली कॅलिफोर्नियात 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. दहा मिनिटे मोझार्टचे संगीत ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना अधिक गुण मिळाले. बातमी जगभर पसरली. पण हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला होता, ही गोष्ट मागे पडली. 2001 साली कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले, की ही करामत मोझार्टची नसून प्रसन्न झालेल्या मनाची होती. संथ, उदास संगीताने तसा लाभ झाला नाही.

ताणाचे काय? ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते. 2003 साली कॅनडातच काही विद्यार्थ्यांना परीक्षकांपुढे भाषण करायला लावले. नंतर ज्यांनी शांत संगीत ऐकले त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल वाढायचे थांबले. शांततेत बसलेल्यांचे मात्र पुढे अर्धा तास वाढत राहिले. सर्वच प्रयोगांत इतका स्पष्ट फरक दिसलेला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता तुम्हीच एक प्रयोग करा. प्रत्येकी नऊ अंकांच्या वीस संख्या फळ्यावर एकेक करून दहा सेकंद दाखवा, पुसा आणि मुलांना लिहायला सांगा. दहा संख्या शांततेत, दहा गाणे चालू असताना. मात्र वर्गाचे दोन गट करा. एका गटाला आधी शांतता द्या, दुसऱ्याला आधी गाणे. नाहीतर सरावाने झालेली सुधारणा तुम्ही गाण्याच्या किंवा शांततेच्या नावावर मांडाल. बरोबर अंक मोजा आणि दोन्ही वेळांची सरासरी काढा.

तर मग आई आणि मुलगा, दोघांचेही थोडे थोडे खरे. वावरातले गाणे वावरात शोभते. अभ्यासाला बसण्यापूर्वी किंवा परीक्षेहून परतल्यावर आवडते गाणे खुशाल ऐका. सनावळ्या पाठ करताना मात्र आईचे ऐका!