खोगीर देखणे, पण पाठीचे काय?

लोकरी गादीच्या निवडीवर ठरते घोड्या-खेचरांचे आरोग्य

मार्गशीर्षातील दत्तजयंती जवळ आली, की खान्देशातील अश्वप्रेमींची पावले तापीकाठच्या सारंगखेड्याकडे वळतात. १ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेले आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणारे हे गाव एकमुखी दत्ताच्या यात्रेसाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकेच घोडेबाजारासाठीही. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची येथे मोठी आवक होते. खरेदीदार घोड्याचे दात पाहतो, चाल पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो आणि सौदा ठरल्यानंतर साजाच्या दुकानांकडे वळतो. लगाम, रिकीब, तंग, गोंडे आणि रंगीत झूल यांची निवड हौसेने होते. खोगिराखाली घालायची गादी मात्र बहुधा शेवटी आणि रंग पाहून घेतली जाते. वास्तविक, घोडा वर्षभर कामाचा राहणार की पाठीला जखमा होऊन बांधून ठेवावा लागणार, हे बऱ्याच अंशी या गादीवर अवलंबून असते.

मराठीत निरुपयोगी भरण्याला 'खोगीरभरती' म्हणतात. खोगिरात चिंध्या-चोथा कोंबण्याच्या प्रथेतून हा शब्द आला. भाषेत तो टिंगलीचा असला, तरी जनावराच्या दृष्टीने खोगीर आणि पाठ यांच्यामध्ये काय आहे, हा प्रश्न गंभीर आहे.

जखम होते कशी?

घोड्याच्या पाठीचा कणा वजन पेलण्यासाठी नसतो. स्वाराचे किंवा ओझ्याचे वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर आणि त्याखालील बरगड्यांवर पडले पाहिजे. खोगीर मापाचे नसेल, तर हा भार मोजक्या ठिकाणी एकवटतो. तेथील कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तपुरवठा कमी होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवर ज्या कारणाने जखमा होतात, तेच कारण येथेही असते. त्यात घाम, धूळ आणि घर्षण यांची भर पडली, की आधी केस झडतात, मग कातडी सोलवटते आणि अखेर पू धरतो. मानेच्या मुळाशी खांद्यांवर असलेला हाडाचा उंचवटा ही सर्वांत नाजूक जागा होय. तेथे चरबी व स्नायू कमी असल्याने जखम खोलवर जाते आणि भरण्यास दीर्घ काळ लागतो.

जखम बरी झाली तरी खूण उरते. दाबामुळे केसांच्या मुळांना इजा झाल्यास त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात. बाजारात घोडा पाहताना खोगिराच्या जागी असे पांढरे ठिपके दिसले, तर ते जन्मखूण नसून जुन्या दुखापतीचा पुरावा असू शकतात.

हा विषय केवळ दयेचा नाही, कायद्याचाही आहे. जखम किंवा व्रण यांमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये करण्यात आलेल्या नियमांत तट्टासाठी ७० किलो, खेचरासाठी २०० किलो आणि गाढवासाठी ५० किलो अशी कमाल मर्यादा घालून देण्यात आली आहे.

लोकरच का?

लोकरीचा तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असतो. दाब पडला की तो दबतो आणि दाब निघाला की पुन्हा फुलतो. त्यामुळे भार एका बिंदूवर न राहता पसरतो. दुसरा गुण घाम शोषण्याचा. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प सामावून घेते आणि तरीही हाताला फारशी ओली लागत नाही. सुती कापड घाम पितो; पण ओलाच राहतो, त्याला चुण्या पडतात आणि त्या चुण्याच पुढे काचतात. स्वस्त फोमच्या गाद्या मऊ वाटतात. परंतु त्यांतून हवा खेळत नाही, पाठ तापते आणि काही महिन्यांत फोम बसतो. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा हवेत काम करणाऱ्या जनावरासाठी हा फरक किरकोळ नाही.

प्रकार चार

पहिला प्रकार नमद्याचा. विणकाम न करता, लोकर ओली करून दाबून व घोळवून हा जाड थर तयार करतात. राजस्थानातील टोंक आणि काश्मीर हे भाग नमद्यासाठी प्रसिद्ध आहेत. नमदा पाठीवर कमी सरकतो आणि वापराने पाठीचा आकार धरतो.

दुसरा प्रकार विणलेल्या लोकरी गादीचा. ती धुण्यास सोपी आणि हवेशीर असते. मात्र एकटी वापरल्यास पातळ पडते. तिसरा प्रकार लोकरीसह कमावलेल्या मेंढीच्या कातड्याचा. नाजूक कातडीच्या घोड्यासाठी तो उत्तम असला, तरी महाग आहे आणि त्याची निगाही अधिक राखावी लागते.

चौथा प्रकार महाराष्ट्राच्या घरचा, तो म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीच्या राठ, बहुतांशी काळ्या लोकरीची ही घोंगडी खड्डा मागावर विणली जाते आणि तिला चिंचोक्यांची खळ दिली जाते. मेंढ्यांमागे फिरणारे धनगर आणि धुळे परिसरातील ठेलारी यांच्या बिऱ्हाडात घोंगडी आणि ओझ्याचे तट्टू हे दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठा फौजांच्या इतिहासात नावाजलेले भीमथडी तट्टूही याच मेंढपाळांनी टिकवून ठेवले. घडी घातलेल्या घोंगडीचा मोठा फायदा असा, की रोज घडी बदलून कोरडी, स्वच्छ बाजू पाठीकडे घेता येते. जनावर रोडावले, तर घडी बदलून जाडी कमी-जास्त करता येते. याच कारणासाठी ब्रिटिश घोडदळही खोगिराखाली घडी घातलेली लोकरी चादर वापरीत असे. मात्र नवी, खळीची घोंगडी कडक असते. ती धुऊन, खळ काढून मगच वापरावी आणि घडीची जाड कड खोगिराच्या काठाखाली येऊ देऊ नये.

जाडी किती असावी?

'गादी जितकी जाड, तितका घोड्याला आराम' हा सर्वांत मोठा गैरसमज होय. खोगीर मापाचे असेल आणि त्याखाली जाड गादी घातली, तर ते आवळते. जाड मोजे घालून मापाचे बूट चढवावेत, तसा हा प्रकार आहे. नेटक्या बसणाऱ्या, आतून भरलेल्या इंग्रजी पद्धतीच्या खोगिराखाली पातळ गादी पुरते. लाकडी सांगाड्याच्या किंवा कमी भरणाच्या खोगिराखाली साधारण १८ ते २५ मिलिमीटर जाडीचा नमदा लागतो. ओझ्याच्या जनावरांना अधिक संरक्षण हवे असते, कारण स्वार आपला तोल सावरतो, ओझे सावरत नाही.

खोगीरच अरुंद किंवा मोडके असेल, तर कोणतीही गादी ते दुरुस्त करू शकत नाही. अशा वेळी गादीवरचा खर्च म्हणजे शब्दशः खोगीरभरतीच.

खेचराची गरज आणखी वेगळी असते. त्याची पाठ सरळ आणि खांद्यावरचा उंचवटा कमी असल्याने खोगीर पुढे सरकते. त्यासाठी घट्ट नमदा, छातीचा पट्टा आणि शेपटीखालची दुमची यांचा मेळ घालावा लागतो. घोड्याच्या मापाची गादी खेचराला चालेलच असे नाही.

खरेदी करताना

'शुद्ध लोकर' या शब्दांवर विसंबू नये. पानिपत येथे जुन्या कपड्यांच्या पुनर्वापरातून तयार होणाऱ्या धाग्याचा मोठा उद्योग आहे आणि स्वस्त 'वूलन' मालात कृत्रिम धाग्याची भेसळ सर्रास असते. परीक्षा सोपी आहे. दोन-चार तंतू काढून जाळावेत. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांनी चुरडता येते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते.

गादी खोगिरापेक्षा चारही बाजूंनी थोडी मोठी असावी. मधोमध कण्याच्या रेषेत तिला आकार दिलेला असल्यास उत्तम. जरीकाम, आरसे, टाके किंवा गाठी पाठीच्या बाजूस नसाव्यात. लग्नाच्या वरातीतील घोड्यांच्या साजात हा दोष विशेषकरून पाहावा. हाताने दाबून सोडल्यावर गादी लगेच फुलली पाहिजे.

वापर आणि निगा

खरारा करून पाठ स्वच्छ केल्याशिवाय गादी ठेवू नये. ती थोडी पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवावी आणि खोगिराच्या मधल्या पोकळीत वर ओढून घ्यावी, म्हणजे तंग आवळल्यावर ती उंचवट्यावर ताणली जात नाही. काम संपल्यावर खोगीर काढून घामाची नक्षी पाहावी. सर्वत्र सारखा घाम असणे हे चांगले लक्षण होय. ओल्या पाठीवर मधेच एखादा कोरडा ठिपका दिसल्यास तेथे दाब अधिक पडत असण्याची शक्यता असते. तेथे हात लावताच घोडा पाठ खाली दाबत असेल किंवा कान मागे टाकत असेल, तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

गादी रोज वाळवून झटकावी. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण वापरावा. गरम पाण्याने लोकर आटते. वाळवणे सावलीत करावे आणि साठवताना कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालावा. एका जनावराची गादी दुसऱ्याला घालू नये. नायट्यासारखे त्वचारोग त्यातून पसरतात.

सारंगखेड्याच्या बाजारात लाखोंची किंमत मिळवणारा घोडा असो, की मेंढपाळाचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू, पाठ दुखत असल्याचे कोणतेही जनावर बोलून दाखवत नाही. खोगीर उतरवल्यावर त्याची पाठ पाहण्याची सवय मालकाने लावून घेतली, तर पुढचा बराचसा खर्च आणि जनावराचे हाल टळू शकतात.